यंत्राच्या बैठकीवरचा माणूस



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘चालकाच्या पाठीचा कणा’ असे सांगितले. मंडळींना क्षणभर वाटले की, हा कामगारांचा कार्यकर्ता आपलीच थट्टा करतो आहे. तसे नाही. सभेच्या चालकांची पाठ सतरंज्या उचलून दुखली तर ती दोन दिवसांत बरी होते. आम्ही बोलणार आहोत ते उसाच्या फडात, गव्हाणीवर आणि भुशाच्या ढिगावर यंत्र चालविणाऱ्या माणसाविषयी. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर धर्मापासून अर्थशास्त्रापर्यंत पुष्कळ विषय झाले. त्यांत पाठदुखीही एकदा होऊन जाऊ द्या.

वेळही योग्य आहे. गळीत हंगाम संपला, टोळ्या गावोगाव परतल्या, आणि यंत्रेही मालकांच्या दारात ताडपत्री पांघरून उभी आहेत. यंत्र उभे असते तेव्हाच त्याच्याकडे नीट पाहता येते. चालू यंत्राकडे लोक पाहतात ते तोंड उघडे टाकून.

परदेशी पुस्तकांत हा विषय बहुधा जंगलात सुरू होतो. ओंडके उचलून गाडीवर रचणारी यंत्रे, आणि त्यांवर दिवसभर बसणारी माणसे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य सोडले, तर डोळ्यांत भरावे असे जंगल फारसे नाही, आणि तेथेही लाकूड तोडावयाचे नाही. आमचे जंगल उसाचे. ते दर वर्षी उगवते आणि दर वर्षी तुटते. कळंब, परंडा, भूम या बाजूंना जिथे पाणी पोचले तिथे ते उभे राहिले, आणि ज्या गावांना पाणी पोचले नाही ती गावे ते तोडावयास निघाली. आम्ही त्याच दुसऱ्या गावांपैकी एकातले.

आमचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आई खडी फोडावयास जाई आणि आम्ही लिंबाच्या सावलीला पाटीखाली झोपलेले असू, असे ती सांगे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण फडात, आणि त्याच्याही पुढचे संघटनेच्या कचेरीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. म्हणून आमच्या बोलण्यात जे शास्त्र येईल ते उसने आहे. फडातला अनुभव मात्र आमच्या मालकीचा आहे.

फडात कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, आणि मग दोघेही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढतात. फळी पायाखाली वाकते. मोळीचे वजन मानेत उतरते, मानेतून कमरेत, आणि कमरेतून गुडघ्यात. ज्यांनी ती फळी चढली आहे त्यांना पुढचे सांगावयास नको, आणि ज्यांनी चढली नाही त्यांना सांगून कळणार नाही.

या ओझ्याविरुद्ध कामगार चळवळ लढली, आणि ती किलोच्या मापाने लढली. शंभर किलोंचे पोते पाठीवरून उतरवून पन्नास किलोंचे करावे, यासाठी पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली केलेली खटपट आपणांस ठाऊक आहे. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. आमच्या पिढीचे सगळे शिक्षण असे किलोत झाले. यंत्रावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक किलोही नसतो. म्हणून तो आम्हांला कधी दिसलाच नाही.

दिसला नाही असे म्हणणेही पूर्ण खरे नव्हे. एकदा तो स्वतः होऊन आमच्यापुढे येऊन उभा राहिला होता. सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फडात ऊसतोडणीचे यंत्र उतरले. आमच्या टोळ्यांचे काम गेले म्हणून आम्ही बांधावर घोषणा देत होतो. दुपारी यंत्र थांबले, आणि पंचविशीचा एक पोरगा खाली उतरून आमच्याकडे आला. तो तोडणीवाल्याच्याच घरचा. त्याचे आईबाप दुसऱ्या कारखान्याच्या फडात कोयता चालवीत होते. म्हणाला, “अण्णा, रातभर बसलं की सकाळी डावा पाय बधिर होतोय. उतरलो की कंबर धरती. मालक ऐकत न्हाई. तुमी जरा बोलता का?” आम्ही म्हटले, “मग उतर की खाली. तुला वर बसायला कुणी सांगितलं?” बांधावरची माणसे हसली. तोही कसाबसा हसला आणि परत वर चढून बसला.

त्याने आणखी दोन हंगाम काढले. मग मणक्यातली गादी सरकली. आज त्याची पानटपरी आहे. टपरीत स्टूल आहे, पण स्टुलावर मालाचे खोके ठेवलेले असते. तो दिवसभर उभा असतो, कारण बसले की पायात कळ जाते. आम्ही तेथे पान खातो. तो पैसे घेत नाही, आणि आम्हांला ते पान गोड लागत नाही.

बसून काम करणाऱ्याची कंबर का जावी, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून लागला. उत्तर असे सापडले. झोक्यावर मूल बसले असता त्याला कसेही ढकलले तर झोका चढत नाही. त्याच्या ठेक्यावर हलकेच ढकलले की तो आभाळाला जातो. प्रत्येक वस्तूला असा स्वतःचा ठेका असतो, तसा बसलेल्या माणसाच्या कण्यालाही आहे. सेकंदाला चार ते सहा वेळा खालीवर हलविले की कणा आपणहून जास्त हलू लागतो. खडबडीत जमिनीवर चालणारी ट्रॅक्टरसारखी वाहने नेमके याच ठेक्याच्या आसपासचे धक्के देतात. आपल्या काळ्या रानाचे पाणी देऊन वाळलेले ढेकूळ, सरींचे उंचवटे, मध्येच आलेला बांध, हे सारे त्या बैठकीतून कण्यात शिरते. पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळतात, आणि शेवटी थकून आवळणे सोडून देतात. मग धक्का सरळ मणक्यांमधल्या गादीवर.

त्यातच मान. तोडणीयंत्र उसाची कांडी करते आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत, म्हणजे इनफिल्डरमध्ये टाकते. चालकाला पुढे सरी पाहावी लागते, बाजूला कांडी कोठे पडते ते पाहावे लागते, आणि मागे वळून ट्रॉली किती भरली तेही पाहावे लागते. बसलेले अंग एकीकडे आणि मान दुसरीकडे, अशा पिळलेल्या स्थितीत धक्के खाणे हे सरळ बसून धक्के खाण्यापेक्षा वाईट. गव्हाणीवरच्या क्रेनवाल्याचे याउलट. त्याला धक्के कमी, पण तो उंचावरच्या खोलीतून सारखा खाली वाकून पाहतो. त्याची मान सायंकाळी वर होत नाही.

आणि सर्वांत घातक क्षण कोणता म्हणाल, तर यंत्र थांबते तो. पाचट अडकते, पाती तुंबतात. चालक चार तास हादरे खाऊन ढिला झालेली कंबर घेऊन वरून धाडदिशी उडी मारतो आणि लगेच वाकून अडकलेला ऊस ओढू लागतो. धक्के खाऊन दमलेल्या पाठीने उडी मारणे आणि लगेच ओझे ओढणे, या दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतात. यंत्राकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात सतत टेकलेले ठेवून उतरावे, खाली चार पावले चालावे, दोन मिनिटे उभे राहावे, आणि इंजिन पूर्ण बंद झाल्याची खात्री करून मग हात घालावा. याला पैसा लागत नाही, पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इंजिन चालू ठेवून हात घालणाऱ्यांचे काय होते ते आज सांगत नाही. सभेत लहान मुले आहेत.

आता बैठकीकडे येतो. चांगल्या यंत्राच्या बैठकीखाली स्प्रिंग किंवा हवेची उशी असते, आणि बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती लावून घ्यावयाची एक कळ असते. गेल्या हंगामात आम्ही आमच्या भागातल्या यंत्रांवर चढून या कळा पाहिल्या. एका यंत्रावर ती शेवटच्या खुणेवर, म्हणजे चांगल्या दणकट माणसाच्या वजनावर होती. चालकाचे वजन विचारले तर म्हणाला, “असेन पंचावन्न किलो.” बैठक त्याच्यासाठी दगडासारखी ताठ झाली होती. त्याने उपाय म्हणून वाकळ चौघडी करून खाली घेतली होती. वाकळीने ढुंगणाला बरे वाटते, पण कण्याला फरक पडत नाही. शिवाय बसणे चार बोटे उंच झाल्यामुळे पाय टेकत नव्हते. आम्ही कळ त्याच्या वजनाला आणली. दुसऱ्या एका यंत्रावर ती गंजून घट्ट बसली होती. तिसऱ्यावर बैठकीची स्प्रिंग तुटलेली होती, आणि मालकाला ते ठाऊक होते.

एक कोटी रुपयांच्या घरातले हे यंत्र. राज्य शासनाने २०२३ साली ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के, पण ३५ लाखांपेक्षा जास्त नाही, असे अनुदान जाहीर केले. त्या यंत्रातली बैठक माणसाच्या वजनाला लावण्याइतकी आस्था मात्र कोठे दिसत नाही. उलट कोयता पाहा. तो काही शे रुपयांचा. पण तोडणीवाला हंगामाला निघण्याआधी लोहाराकडे बसून मूठ आपल्या पंजाला बेतून घेतो. बाईचा कोयता वेगळा, हलका. एकाचा कोयता दुसऱ्याने घेतला तर दुपारपर्यंत हाताला फोड येतो. बैलाचेही तसेच. जुवाने मानेला खांदेसूज आली की शेतकरी त्या बैलाला कामाला जुंपत नाही. कितीही कडक मालक असला तरी जुंपत नाही, कारण बैल त्याचा स्वतःचा असतो.

हत्यार माणसाला बेतावे, माणूस हत्याराला बेतू नये, या विचाराचे पुढे एक शास्त्र झाले आहे. १८५७ साली पोलंडमधील शास्त्रज्ञ वोयचेख यास्तशेंबोव्स्की यांनी काम आणि नियम या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याला अर्गोनॉमिक्स हे नाव दिले. नाव अवघड आहे. आमच्या लोहाराला ते ठाऊक नाही, पण शास्त्र त्याला ठाऊक आहे.

स्वीडन देशाची गोष्ट येथे उपयोगी पडेल. तेथील जंगलात पूर्वी माणसे करवतीने झाडे पाडीत. मग यंत्रकरवत आली. तिच्या थरथरीने बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली. पुढे मोठी यंत्रे आली, माणूस काचेच्या खोलीत गेला, थंडीवाऱ्यापासून वाचला. सर्वांना वाटले, सुटलो. आणि मग त्या काचेच्या खोलीतल्या माणसांच्या माना व खांदे आखडू लागले, कारण दिवसभर तेच दोन दांडे, तीच बोटे, तीच नजर. त्या देशाने यंत्रे मोडली नाहीत. बैठक, दांडे, उजेड, आवाज, चढउतार, सारे तपासण्याचे निकष लिहून काढले, आणि १९९९ साली जंगलयंत्रांसाठी त्यांची मार्गदर्शिका छापली. काम आलटून पालटून करावे, एकच माणूस सबंध दिवस यंत्रावर नसावा, हेही तेथे मान्य झाले. आम्ही स्वीडनचे भक्त नाही. तेथे उसाचा प्रश्न नाही आणि उचलही नाही. पण यंत्राचे स्वागत करावे की त्याला अडवावे एवढाच वाद आपण इकडे घालीत असताना, ते लोक यंत्राच्या आत शिरून बघत होते, एवढे खरे.

युरोपीय संघाने २००२ साली या हादऱ्यांना मापही लावून दिले. आठ तासांच्या दिवसाला ०.५ या मापापर्यंत हादरे गेले की मालकाने उपाय सुरू करावयाचे, आणि १.१५ ही हद्द कोणत्याही परिस्थितीत ओलांडावयाची नाही. हे माप हादऱ्याच्या वेगवृद्धीचे आहे, त्याच्या खोलात जात नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, या हिशेबात तास मोजले जातात. जे यंत्र आठ तासांना ०.५ भरते, तेच बारा तास चालविले तर ०.६ च्या वर जाते. यंत्र तेच, जमीन तीच, पण दुखापत वाढली. आमच्याकडे तोडणीयंत्र रात्रंदिवस चालते. ज्या यंत्रावर दोन चालक आहेत तेथे प्रत्येकाचे बारा तास, आणि एक गावाला गेला तर दुसऱ्याचे किती, ते विचारू नये.

आपल्याकडे आवाजाचे माप कारखान्यांच्या नियमांत आहे. ९० डेसिबल आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार, १०० मध्ये दोन. चांगला नियम आहे. पण तो कारखान्याच्या भिंतीच्या आत. गव्हाणीवरचा क्रेनवाला भिंतीच्या आत आहे, म्हणून तो कामगार. त्याच गव्हाणीत पडणारा ऊस पाच कोसांवर तोडणारा यंत्रचालक भिंतीच्या बाहेर, म्हणून तो कोण, हे कोणी सांगत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील सुरक्षा व आरोग्याची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागते. एका यंत्रावर दोन चालक, एक मदतनीस, दोनतीन ट्रॅक्टरवाले. हिशेब आपणच करा. कारखाना म्हणतो, यंत्र आमचे नाही. मालक म्हणतो, माझ्याकडे पाचसहाच माणसे. आणि उसाला तर कामगार लागतच नाहीत, तो आपोआप साखर होतो!

भिंतीच्या आतही सगळे ठीक आहे असे नव्हे. रस काढल्यावर उरलेला भुसा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, तो टेकडीएवढा साचतो, आणि लोडर यंत्र तो ढकलीत असते. ताजा ओला भुसा फारसा त्रास देत नाही. महिनोन् महिने पडून राहिलेल्या भुशात आतून उष्णता धरते आणि तीत बुरशीसारखे सूक्ष्म जीव वाढतात. यंत्राने ढीग फोडला की त्यांची धूळ उडते. ती फुप्फुसात गेली की काही तासांनी थंडीताप, कोरडा खोकला, छाती भरून येणे. दोन दिवस घरी राहिले की बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा तेच. या विकाराला बगॅसोसिस म्हणतात. १९४१ सालीच अमेरिकेतील लुइझियाना या उसाच्या प्रांतातून त्याची नोंद झाली आहे. फार दिवस दुर्लक्ष केले तर फुप्फुस कायमचे ताठरते.

आमच्या ओळखीच्या एका लोडरवाल्याने या तापावर तीन दवाखाने केले. एकाने मलेरिया म्हटला, एकाने न्यूमोनिया, एकाने क्षयाची शंका घेतली. तिघांपैकी एकानेही “तू काम काय करतोस?” असे विचारले नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि वैद्याने रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न घालावा, असे त्यात सांगितले. तीनशे पंचवीस वर्षे झाली. या सभेत डॉक्टर मंडळी बसली आहेत. त्यांनी रागावू नये, केसपेपरवर तेवढी एक ओळ वाढवावी.

आता आमच्यावर येणारा आक्षेप. आमचेच सोबती विचारतात, “यंत्राने आपल्या हजारो कोयत्यांची रोजी जाणार, आणि तुम्ही यंत्रवाल्याच्या गादीची काळजी करता?” आक्षेपात तथ्य आहे. कोयत्यात बाईचा अर्धा वाटा होता. यंत्रावर एकटा पुरुष बसतो, म्हणजे तिचा वाटा पुरता गेला. त्याचा जाब आम्ही मागतोच आहोत. पण ती फळी, ते पाचटातले पाळणे, ती पहाटेची थंडी, आणि २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा जो प्रकार चौकशीला आला तो, हे सगळे टिकावे म्हणून यंत्र अडवा, असे आम्हांला म्हणवत नाही. आणि यंत्रावर बसतो तो कोण? उचल फेडता फेडता म्हातारा झालेल्या कोयत्याचाच मुलगा. बापाची मान गेली, पोराची कंबर जाते. दोघांना एकमेकांविरुद्ध बांधावर उभे करण्याचे पाप आम्ही एकदा केले आहे.

म्हणून गेल्या हंगामाच्या आधी आम्ही एका यंत्रमालकाशी बसलो. हा मालक मोठा भांडवलदार नव्हे. जमीन गहाण टाकून त्याने यंत्र घेतले आहे, आणि बँकेचा हप्ता त्याच्या कण्यावर बसलेला आहे. चार गोष्टी मागितल्या. बैठक दुरुस्त ठेवावी आणि प्रत्येक चालकाने चढताना ती आपल्या वजनाला लावावी. खोलीचे थंड हवेचे यंत्र आणि हवेची गाळणी चालू ठेवावी, कारण ते बिघडले की दार उघडे ठेवून चालवावे लागते आणि धूळ व आवाज दोन्ही आत येतात. दर दोन तासांना पंधरा मिनिटे खाली उतरू द्यावे, पाणी आणि लघवीसाठी. कारण उतरावे लागू नये म्हणून ही पोरे पाणीच पीत नाहीत, आणि मार्चच्या उन्हात ते मूत्रखड्यावर जाते. आणि चौथी, तिसरा चालक ठेवावा, म्हणजे आठ आठ तासांच्या तीन पाळ्या होतील.

पहिल्या दोन त्याने लगेच मान्य केल्या. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खर्चात धरता येतो, असे त्याच्या ध्यानात आले. तिसऱ्यावर तो पुष्कळ घासाघीस करून दहा मिनिटांवर आला. हंगामात ती दहा मिनिटे पाळली गेली का? पहिला महिनाभर पाळली गेली. कारखान्याची गाडी थांबून राहू लागली तशी ती पाच झाली, आणि शेवटच्या पंधरवड्यात नाहीशी झाली. चौथी त्याने साफ नाकारली. म्हणाला, “अण्णा, कारखाना मला टनावर पैसे देतो, माणसांवर नाही. तिसऱ्याचा पगार टनात बसवून द्या, उद्या ठेवतो.” आम्हांला त्याचे म्हणणे खोडता आले नाही. तिसऱ्या चालकाचा पगार टनाच्या दरातच यावा लागेल, आणि तो दर मालक ठरवीत नाही. म्हणजे चौथी मागणी आम्ही चुकीच्या दारात मागितली.

यंदा ती कारखान्यांच्या दारात मागावयाची आहे. पुढच्या हंगामाचे करार पावसाळ्यात ठरू लागतात. तोडणी व वाहतुकीच्या करारात यंत्रचालकाच्या पाळीचे एक कलम असावे, आणि त्याचा खर्च दरात स्वतंत्र दाखवावा, असा अर्ध्या पानाचा मसुदा आम्ही केला आहे. त्याच्या प्रती बाहेर चपला काढल्या तेथे टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी यंत्र आहे, ज्यांच्या घरी चालक आहे, आणि ज्यांचा ऊस जातो, त्या तिघांनीही तो घेऊन जावा. जे पटणार नाही त्यावर खूण करून शनिवारच्या बाजारापर्यंत कचेरीत आणून द्यावा. कचेरीला पाटी नाही. पानटपरीच्या शेजारचे दार.